पदवी कमाईसाठी की इल्मसाठी?

इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर फिरत असतानाच हल्ली हा विषय निघतो : मुलाला कुठल्या कॉलेजात घालायचे आणि पुढे पगार किती मिळेल? यात गैर काही नाही. यंत्रमागावर आयुष्य गेलेल्या बापाने मुलाच्या कमाईचा विचार करायचा नाही, तर कुणी करायचा? ‘ज्ञानासाठी शिका’ हा उपदेश बहुधा पोट भरलेलेच करतात.

सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलीगढला शाळा सुरू केली. १८५७ नंतर मागे पडलेल्या समाजातील मुलांना सरकारी नोकऱ्या मिळाव्यात, हा हेतू त्यात होताच. पण त्याआधी १८६४ मध्ये त्यांनी सायंटिफिक सोसायटी काढून इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणायला घेतले होते. त्या भाषांतरांनी कुणाला नोकरी लागणार नव्हती.

१९२० मध्ये याच अलीगढमधून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी जामिया मिल्लिया उभी केली. पैसा आटला, संस्था बंद पडायची वेळ आली. तेव्हा, १९२६ मध्ये, बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन परतलेल्या झाकीर हुसेन यांनी तिची धुरा घेतली. विषय अर्थशास्त्र, म्हणजे पैशाची किंमत त्यांना ठाऊक नव्हती असे नाही! १९२८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी महिना दीडशे रुपयांहून अधिक न घेता वीस वर्षे संस्थेची सेवा करण्याची प्रतिज्ञा केली.

पगाराचा आकडा पालकांनी जरूर विचारावा. मात्र प्रवेश घेताना ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते, हे विचारणारा पालक अजून विरळाच.