पेडलाची कैफियत

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या अंगाला येत असता, पोफळीच्या अलीकडे एका अरुंद वळणावर, समोरून चढणाऱ्या मालमोटारीला वाट देण्यासाठी मी माझी जुनी प्रीमियर पद्मिनी उतारावरच ब्रेकवर धरून उभी केली, आणि पायाचा भार जेमतेम ठेवलेला असताना पेडल, कोणी खालून दोरी ओढावी तसे, हळूहळू खाली उतरू लागले. घाबरून जोराने दाबले तर ब्रेक करकचून लागला. पाय सैल केला की पुन्हा तेच. त्या एका मिनिटात गाडीने आपल्या दुखण्याची संपूर्ण कैफियत माझ्या तळपायाला सांगितली होती. ती समजण्याची अक्कल मजपाशी नव्हती, आणि पुढे ज्या गॅरेजात मी तिला नेले तेथील मंडळींना तितकी सवड नव्हती. ‘ब्रेक नीट लागत नाहीत’ एवढीच फिर्याद मी गुदरली. त्यांनी गाडीची एक फेरी मारली, चारही चाकांचे लायनर बदलले, पंधरा दिवसांनी व्हील सिलिंडरांची रबर किट बदलली, दोन्ही खेपांना सविस्तर बिल दिले, आणि पेडल पूर्ववत खाली जातच राहिले.

वस्तुतः ब्रेकच्या पेडलाइतका सत्यवचनी साक्षीदार मोटारीत दुसरा नसेल, कारण त्याच्या आणि चाकाच्या दरम्यान निरोप नेणारे जे तेल असते ते दाबाने जवळजवळ आकुंचन पावत नाही. यास्तव पेडल स्पंजासारखे मऊ लागले तर, दाबाने आकुंचन पावणारी हवा नळ्यांत शिरली आहे असा संशय प्रथम घ्यावा. खोल जाणारे पेडल दोन-तीनदा पंप मारताच वर येत असेल, तर बहुधा लायनर झिजून ड्रमपासून दुरावले आहेत आणि त्यांची जुळवणी राहून गेली आहे. पेडल दगडासारखे घट्ट असूनही गाडी थांबत नसेल, तर तापून गुळगुळीत झालेल्या लायनरांकडे, आणि गाडीला व्हॅक्यूम बूस्टर असल्यास त्याच्याकडे, वळावे. पायाला ठरावीक लयीत हिसके बसत असतील तर ड्रमची गोलाई तपासावी.

घाटात तळाला टेकलेले पेडल गाडी थंड झाल्यावर आपसूक परत येते, तेव्हा तर पुष्कळांना रोग गेला असेच वाटते. तो गेलेला नसतो. डॉट ३ जातीचे ताजे ब्रेक ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. परंतु हे तेल हवेतील आर्द्रता शोषून घेते, आणि त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तीच मर्यादा १४० अंशांवर घसरली तरी ते नियमात बसते. कोकणातले चार-पाच पावसाळे पचवलेले तेल घाटाच्या उतारावर उकळले, त्याची वाफ झाली, आणि पायाखाली तेलाऐवजी वाफच दाबली गेली, तर त्यात लायनरांचा काय अपराध?

अखेर ज्या वृद्ध मेस्त्रींकडे मी गेलो, त्यांनी हातात पाना घेण्यापूर्वी मला प्रश्न विचारले: पेडल चालत्या गाडीत जाते की उभ्या, गरम असताना की थंड, दाबल्यावर की टेकवल्यावर? मग गाडी सपाटीवर उभी करून ते म्हणाले, “साहेब, पाय नुसता टेकवा, दाबू नका.” मिनिटभरात पेडल तळाशी गेले. चारही चाके आतून कोरडी, नळ्या कोरड्या, कोठेही गळतीचा मागमूस नाही. अर्थात तेल बाहेर जात नव्हते, मास्टर सिलिंडरातच मागच्या मागे परत फिरत होते. त्यांनी सिलिंडर उघडून आतले रबरी वॉशर माझ्या तळहातावर ठेवले. त्याची कड झिजली होती. जोराचा दाब आला की ती कड भिंतीला चिकटून बसे, हलका दाब असला की तिच्या बाजूने तेल निसटे. आणि पहिल्या गॅरेजातील मंडळींनी, चाचणी घ्यायची म्हणून, प्रत्येक वेळी ब्रेक जोरानेच मारला होता.

आता त्या गॅरेजावर ठपका ठेवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु मला तो न्याय वाटत नाही. आपण मोटारमालक बिलावर काय पाहतो? सुटा भाग आणि मजुरी. बदललेल्या लायनरांचे दाम आपण फारशी कुरकुर न करता मोजतो, मात्र दहा मिनिटे विचार करून ‘लायनर चांगले आहेत, बदलू नका’ असे सांगणाऱ्याला आपण नमस्काराखेरीज काही देत नाही, आणि वर पुन्हा अपेक्षा करतो की त्याने भाग बदलण्याची घाई करू नये. वैद्याची तपासणी-फी औषधाहून वेगळी असते हे आपल्याला मान्य आहे. वकिलाचा नुसता सल्लाही फुकट मिळत नाही. मग ज्याच्या निदानावर सहकुटुंब घाट उतरायचा, त्याच्या निदानालाच तेवढे मोल का नसावे? पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ३० ऑक्टोबर २०२३ पासून नाहीशी झाली, आणि तळपायाच्या भाषेतून दोष ओळखणारे हातही तिच्यामागोमाग विरळ होत आहेत. त्यांतील जे उरले आहेत त्यांना रबरी वॉशराच्या किमतीवर पोसणे शक्य नाही.

हे सारे मी मेस्त्रींपुढे मांडले आणि त्या एका मिनिटाचे पैसे वेगळे लावा असा आग्रह धरला. ते संकोचले, असे कधी कोणी दिले नाही म्हणाले. मी हटेना, तेव्हा त्यांनी पावतीपुस्तक ओढले, पेन्सिल बराच वेळ कागदावर धरून ठेवली, आणि योग्य सदर न सुचल्यामुळे ती रक्कम अखेर ‘एअर काढणे’ या नावाखाली लिहिली.