नियम ३०, नियम ९० आणि आमचे आप्पाकाका

गेल्या दिवाळीत आप्पाकाकांशी वाद झाला आणि त्यात मी अर्धा हरलो. अर्धा जिंकलोही, पण ते काका मान्य करत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतोय. (काका, लगेच फोन करू नका, आधी शेवटपर्यंत वाचा.)

काका गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांचं मत ठाम: ज्याचा नियम ठाऊक, त्याचा शेवट ठाऊक. एखादी गोष्ट पुढे कशी वागेल हे सांगता येत नसेल तर तुम्हाला तिचा नियमच नीट कळलेला नाही, बस्स. मी म्हटलं थांबा, आणि चकल्यांच्या ताटाशेजारी ग्राफ पेपर मांडला.

खेळ सोपा आहे. वरच्या ओळीत मधोमध एक घर काळं करायचं, बाकी सगळी पांढरी. खालच्या ओळीतलं प्रत्येक घर ठरवताना वरची फक्त तीन घरं बघायची: बरोबर डोक्यावरचं, त्याच्या डावीकडचं आणि उजवीकडचं. तीन घरांच्या आठच तऱ्हा होऊ शकतात, त्यामुळे असे नियम होतात एकूण २५६. स्टीफन वुल्फ्रामने १९८३ साली त्यांना क्रमांक दिले. मी काकांना दिला नियम ३०: डावं काळं आणि उरलेली दोन पांढरी असतील तर काळं, किंवा डावं पांढरं आणि उरलेल्या दोनांपैकी निदान एक काळं असेल तर काळं. एरवी पांढरं. यात न कळण्यासारखं काही आहे का? नाही. पण काढत गेलं की डाव्या कडेला थोडी शिस्त दिसते आणि मध्ये नुसता गोंधळ. मधली उभी रांग वाचली तर काळं-काळं-पांढरं-काळं-काळं-काळं-पांढरं-पांढरं... नाणं उडवून लिहावी तशी.

"हजाराव्या ओळीत मधलं घर कोणतं, सांगा," मी म्हटलं. "नाहीच सांगता येणार. हजार ओळी काढाव्याच लागतील. सेल्युलर ऑटोमेटा असेच असतात."

माझी चूक या शेवटच्या वाक्यात होती.

काका रात्रभर कागद घेऊन बसले असावेत, कारण सकाळी अभ्यंगस्नानाच्या आधीच त्यांनी मला उठवलं. त्यांनी स्वतःचा एक नियम बनवला होता: डाव्या-उजव्या शेजाऱ्यांपैकी नेमका एकच काळा असेल तर काळं. (हा नियम ९०.) त्यातून त्रिकोणांत त्रिकोण, त्यांत आणखी त्रिकोण अशी सुंदर नक्षी उतरली होती. "हा मेरुप्रस्तार आहे रे," काका म्हणाले. "विषम आकडे काळे, सम पांढरे." खरंच होतं. पिंगलाच्या छंदःसूत्रांवरच्या दहाव्या शतकातल्या टीकेत हलायुधाने जो मेरुप्रस्तार सांगितला, ज्याला शाळेत पास्कलचा त्रिकोण म्हणतात, तोच. मधली रिकामी घरं तेवढी सोडायची. "पहिल्या ओळीला शून्य धर. १०२४व्या ओळीत फक्त दोन घरं काळी, दोन टोकांना. काढू एक हजार चोवीस ओळी?"

मी गप्प. नियम ९० ला आडवाट आहे. आणि नियम ३० ला नाही, हे मला कुठे माहीत होतं? मी चित्र बघून बोललो होतो.

हीच चूक मोठ्या प्रमाणावर वुल्फ्रामने केली असं माझं मत झालंय. २००२ साली त्याचं सुमारे बाराशे पानांचं पुस्तक आलं. त्यातला मुख्य दावा असा की, जे वर्तन उघडउघड साधं नाही ते बहुतेक सगळं सारख्याच ताकदीचं गणन असतं. कल्पना भव्य आहे, मला अजूनही आवडते. पण चित्रं कितीही छापली तरी ती सिद्धता होत नाही. खुद्द वुल्फ्रामने २०१९ साली नियम ३० बद्दलच्या तीन प्रश्नांना प्रत्येकी १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं, आणि त्यातला तिसरा नेमका आमच्या वादाचा: मधल्या रांगेतलं शंभरावं, हजारावं, लाखावं घर काढायला तितक्या प्रमाणात कष्ट पडतातच का?

आता माझा अर्धा विजय. नियम ११०: डोक्यावरचं किंवा उजवीकडचं काळं असेल तर काळं, फक्त तिन्ही काळी असतील तर पांढरं. एवढाच. यात एका ठरावीक नक्षीवरून छोटे छोटे आकार सरकत जातात, एकमेकांवर आपटतात, आणि त्या टकरींमधून हिशोब करवून घेता येतो. पहिली ओळ हवी तशी मांडली तर संगणक करू शकेल ती प्रत्येक गोष्ट हा नियम करतो. हे मॅथ्यू कुक याने सिद्ध केलं, वुल्फ्रामचा सहायक असताना, नव्वदच्या दशकात. १९९८ साली सांता फेच्या परिषदेत त्याने ते मांडलं, पण वुल्फ्रामच्या कंपनीने कोर्टाचा आदेश आणल्यामुळे परिषदेच्या संग्रहात ते आलं नाही. छापून यायला २००४ उजाडलं. (सहायकाच्या या सहा वर्षांबद्दल काकांना माझ्यापेक्षा जास्त राग आला. शाळेत नोकरी केलेल्या माणसाला असे प्रसंग लगेच कळतात.)

इथे मात्र काकांचा सिद्धांत अडतो. ट्युरिंगने १९३६ सालीच दाखवलंय की कुठलाही प्रोग्रॅम कधी थांबेल की नाही हे सांगणारी सर्वांना पुरणारी युक्ती असू शकत नाही. मग ११० बद्दलही "अमुक आकार कधीतरी उमटेल का" याला अशी युक्ती नाही. एखाद्या मांडणीला आडवाट सापडेलही, सगळ्यांना पुरेल अशी एक नाही. नियम पूर्ण माहीत, सुरुवात पूर्ण माहीत, दैव नाही की फासे नाहीत. तरीही.

काकांचं यावरचं म्हणणं, "सर्वांना पुरणारी युक्ती मी मागितलीच कुठे? मला एकाच मांडणीचं सांग." हे उत्तर चुकीचं नाही, म्हणूनच वाद मिटलेला नाही.

सध्या ते नियम ३० ची मधली रांग हाताने काढतायत. रोज दोन ओळी, चष्मा लावून, आणि व्हॉट्सॲपवर ग्राफ पेपरचा फोटो. परवा एकसष्टाव्या ओळीत त्यांचं एक घर चुकलं होतं. माझ्याकडे पहिल्या दहा लाख ओळींची रांग तयार आहे, पाठवू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पाठवलीस तर बघ."