टब आणण्याआधी मोरीखाली काय आहे ते बघा



आमच्या भावकीत, इथं औंढ्यातच, दोन घरांत शॉवरची काचेची खोली काढून तिथं बाथटब बसवायचं घाटतंय. जागा तेवढीच, नळ आहेतच, ड्रेन आहेच, मग अडचण कसली, असं धाकटे दीर म्हणतात. भाऊजी, अडचण फरशीखाली आहे. टब विकणारा दुकानदार ती सांगत नाही, कारण तो फरशीच्या वरचं विकतो.

शॉवरचं पाणी मिनिटाला आठ-दहा लिटर पडतं आणि तसंच वाहून जातं. टबातलं दीड-दोनशे लिटर एकदम सुटतं. फरशीतल्या नहाणी ट्रॅपवर टबाची लवचीक नळी नुसती टेकवून ठेवायची, हा आपल्याकडचा जुगाड. पाणी जाळीतून उलटं वर येतं आणि टबाखाली साचतं, जिथं कुणाचा हात जात नाही, नजर जात नाही. नीट करायचं तर टबाच्या भोकाखाली स्वतंत्र ट्रॅप हवा, ओव्हरफ्लोची नळी त्या ट्रॅपच्या आधी जोडलेली हवी आणि पाइपाला उतार हवा. शॉवरचा ट्रॅप कोपऱ्यात असतो, टबाचं भोक भलत्याच टोकाला. म्हणजे फोडाफोड आलीच. वरच्या मजल्यावर ती करताना वॉटरप्रूफिंगचा थर फुटला, की खालच्या स्वयंपाकघराच्या छताला पोपडे येणार.

वजनाचंही तेच. १६० लिटर पाणी म्हणजे १६० किलो, वर टब आणि माणूस. नवा स्लॅब बहुधा झेलेल, तरी इंजिनिअरला विचारा. जुन्या माळवदाच्या घरात वरच्या मजल्यावर टबाचं नावही काढू नका.

आणि ते पाणी शेवटी जातं कुठं? ज्यांच्याकडे गटार नाही, त्यांच्या शोषखड्ड्यात. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी जिरवायला वेळ घेते. बादलीभर पाणी हळूहळू जिरतं. दहा बादल्या एका झटक्यात सोडल्या, की खड्डा तुंबून मोरीच घरात येते.

जाऊबाईंचा मुद्दा वेगळा आहे. आईंचे गुडघे दुखतात, गरम पाण्यात बसल्यावर बरं वाटेल. मनात माया आहे, मी नाकारत नाही. पण टबाचा काठ गुडघ्याइतका उंच असतो. ज्यांना उंबरा ओलांडायला हात द्यावा लागतो, त्यांना ओल्या पायांनी तो काठ ओलांडायला लावायचं? त्यापेक्षा आहे त्या शॉवरमध्ये भिंतीला पक्का दांडा बसवा, एक स्टूल ठेवा, गुडघ्यांना गरम पाण्याच्या पिशवीचा शेक द्या. खर्च टबाच्या नखाएवढाही नाही.

शिवाय ते पाणी गरम करणार कोण? हिवाळ्यात २० अंशांचं १६० लिटर पाणी ४० अंशांवर न्यायला पावणेचार युनिट वीज लागते. २५ लिटरचा गिझर ६० अंशांवर तापवला, तरी त्यातून ऊनऊन असं ५० लिटरच मिळतं. तो तीन-चारदा भरेपर्यंत आधीचं पाणी निवलेलं असतं. गच्चीवरची टाकी नळाच्या दहा फूट वर असेल, तर दाब जेमतेम ०.३ बार. नळाची धार बघत बसा.

यावर ठरलेलं उत्तर येतं : पाणी आमच्या बोअरचं, बिल आमचं, तुमचं काय जातं? माझा खरा राग या वाक्यावर आहे. बोअर तुमच्या अंगणात असेल, पण खालचा काळा पाषाण सगळ्या आळीचा एकच. त्याच्या भेगांतलं पाणी कुणाच्या सातबाऱ्यावर नाही. जलजीवन मिशनचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. एक टब म्हणजे तीन माणसांचा अख्खा दिवस : पिणं, स्वयंपाक, धुणं, सगळं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं, ते याच मराठवाड्यात. नागनाथाच्या मंदिराशेजारी सासू-सुनेची बारव आहे, तिच्यात पाण्यासाठी पायऱ्या उतराव्या लागतात. (नाव कुणी ठेवलं असेल, त्याला घर ठाऊक होतं.) पायऱ्या चढून पाणी आणणारी बाई ते दहा-दहा घागरींनी ओतत नसे.

आपण पाणी गाळून घेतो, जिवाणी पुन्हा विहिरीत सोडतो. गाळलेल्या थेंबांचा एवढा हिशेब ठेवणाऱ्या घरात दीडशे लिटर पाणी एका आंघोळीला? अनर्थदंडातली प्रमादचर्या म्हणजे हेच, विनाकारण पाणी सांडणं. शिरड शहापूरला मल्लिनाथांच्या दर्शनाला जाताना गाडीत याच विषयावर वाद झाला, तेव्हाही मी हेच म्हटलं.

एवढं ऐकूनही बसवायचाच असेल, तर तळमजल्यावर बसवा. बाजूच्या भिंतीत हात जाईल एवढं झाकण ठेवा. आणि टाइल लावण्याआधी टब काठोकाठ भरून ओव्हरफ्लो बघा, रात्रभर तसाच ठेवा, सकाळी सोडा आणि टॉर्च घेऊन खाली बघा. प्लंबरला तेव्हा तिथंच बसवून घ्या. पैसे त्यानंतर.

भाऊजी हे वाचतात, मला माहीत आहे.