आधी पाण्याची वाट, मग औषध

शेतघराच्या उतारावर किंवा बागेच्या पायऱ्यांना माती धरून ठेवणारे लाकडी ओंडके कुजले, त्यांतून मुंगळे निघू लागले, की घरमालक आधी औषध मारणाऱ्याला बोलावतो आणि भिंती बांधणारे आपणही त्याला अडवत नाही. हा क्रम उलटा आहे. मुंगळे लाकूड खात नाहीत. ओलाव्याने मऊ पडलेले लाकूड पोखरून त्यात घर करणाऱ्या त्यांच्या जाती थंड मुलखांत जास्त आढळतात. आपल्याकडचा काळा मुंगळा मुख्यतः जमिनीतच बिळे करतो. लाकूड खाते ती वाळवी, आणि जमिनीतून येणाऱ्या वाळवीलाही ओलावा लागतोच. बुरशीचेही तेच: लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या आत राहिला तर ते कुजत नाही. म्हणून कीड दिसली की भिंतीमागे पाणी कुठून येते आणि कुठे अडते, हे पाहणे आपले पहिले काम.

लाकूड काढून आरसीसी भिंत घातली की प्रश्न मिटला, असे अनेक सहव्यावसायिक म्हणतील. जालन्याची सळई हाताशी आहे आणि काँक्रीटला वाळवी लागत नाही, हे खरेच. पण हिशेब करून पाहा. एक मीटर उंचीच्या भिंतीवर निचरा झालेल्या मुरुमाचा दाब धावत्या मीटरला सुमारे ३०० किलो येतो. तोच भराव पाण्याने तुडुंब झाला तर तो ६०० किलोंच्या पुढे जातो. उंची दुप्पट झाली की दाब चौपट. त्यात भराव काळ्या मातीचा असेल तर ती फुगून वेगळाच रेटा देते, आणि उन्हाळ्यात पडलेल्या तिच्या भेगांतून पहिल्याच पावसाचे पाणी थेट पायाशी उतरते. लाकूड ज्या पाण्याने कुजले, तेच पाणी काँक्रीटला तडा देईल आणि सळई गंजवेल. भिंतीमागून काळी माती काढून खडी आणि मुरूम भरणे, तळाशी छिद्रांचा पाइप, भिंतीत पाणी निघायची भोके आणि माथ्यावर उताराची चर हवीच. कमी उंचीला चांगल्या पायावरची कोरडी दगडी भिंतही पुरते. काळा पाषाण इथलाच आहे.

औषध स्वस्त आणि झटपट, हा दुसरा आक्षेप. त्याची जागा मी नाकारत नाही. पण वाळवीविषयीच्या आयएस ६३१३ या भारतीय मानकाचा पहिला भागच बांधकामातल्या उपायांचा आहे. रासायनिक प्रक्रिया त्यानंतरच्या भागांत येते. विहीर जवळ असेल तिथे तर औषध जमिनीत सोडण्यापूर्वी दहादा विचार करावा. जुने ओंडके, मुळे आणि फळ्यांचे तुकडे भरावातच दाबून टाकायची सवय मात्र ताबडतोब सोडायला हवी, कारण तो वाळवीला आयता चारा ठरतो. जुनी भिंतही एकदम उघडू नये. पावसाळ्याआधी, माती टेकूने धरून, थोडी थोडी काढावी. आणि अंदाजपत्रकात निचऱ्याची बाब भिंतीच्या दरात मिसळू नये. ती वेगळी लिहिलेली असली, तर दर कमी करताना ती नकळत गाळली जात नाही.