शिल्पकाराला आधी शिवार दाखवा

गेल्या आठवड्यात या स्तंभात पडझड झालेल्या गढ्यांवर लिहिलं आणि औसा तालुक्यातल्या एका तरुण बागायतदाराचा फोन आला. काही एकर द्राक्षबाग, विहीर, शेततळं आणि डांबरी रस्त्याला लागून जमीन, असा सगळा जम बसलेला. मित्रांबरोबर नाशिकच्या वायनरी बघून आला होता. "सर, आपल्याकडं असं काही उभारता येईल का? नकाशा काढून ठेवलाय, एकदा नजर टाका," म्हणाला. नकाशात दर्शनी भागात सिमेंटच्या कमानी होत्या, त्यावर विटकरी कौलं, समोर कारंजं, दारात दोन घोड्यांचे पुतळे, शेजारी पोहण्याचा तलाव. बाग मागच्या कोपऱ्यात चार हिरव्या रेघांत उरली होती.

त्याची उमेद मला मनापासून आवडली. लातूरच्या पोरानं शेतावर माणसं बोलवायची म्हणावं, त्यांना चांगलं काही दाखवायचं म्हणावं, याचा आनंद मोठा आहे. म्हणूनच नकाशाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. तसले नकाशे आता लातूर-नांदेडच्या बऱ्याच घरांत तयार होतायत.

आधी नाशिकचं श्रेय नाशिकला देऊ. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून परत आले, गंगापूर धरणाच्या काठी घरच्या जमिनीत त्यांनी वाइनची द्राक्षं लावली, आईच्या सुलभा या नावावरून कंपनीला 'सुला' नाव दिलं आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं. पण माझ्या मते खरी कलाटणी २००५ मध्ये मिळाली. त्या वर्षी सुलानं बागेतच 'टेस्टिंग रूम' उघडली आणि गिऱ्हाइकाला बाटलीच्या मागं थेट वेलीपर्यंत आणलं. मुंबई-पुण्याचा माणूस तिथं गच्चीवर उभा राहतो, पेल्याच्या दांडीला धरून पेला गोल फिरवतो, वास घेतो, आणि समोर धरणाचं पाणी व त्याच्याआधी वेलींच्या सरळ ओळी बघतो. आपण पितोय ते या मातीतून आलंय, हे त्याला तिथं कुणी सांगावं लागत नाही. २००८ पासून 'सुलाफेस्ट'मुळं तिथं गाणं-बजावणंही आलं. आपल्याला जवळचं उदाहरण हवं तर सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडची 'फ्रातेल्ली' आहे. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरांनी मिळून ती उभी केली. तिकडचा उन्हाळा आणि तिकडचं पाणी आपल्यासारखंच आहे.

तरी नाशिकच्या वायनरी फिरताना मला एक उणीव जाणवत राहिली. वेल आहे, वाइन आहे, वास्तूही आहे. पण शिल्पकाराला मानाची जागा फारशी कुठं दिसली नाही. आणि बऱ्याच इमारतींची नजर इटलीकडं लागलेली. सह्याद्रीच्या कुशीत, काळ्या पाषाणाच्या मुलखात टस्कनीचा रंग देऊन उभी केलेली भिंत मला परकी वाटते. आपण नकला करायला निघालोय त्या या नकलांच्या नकला आहेत.

वाइन, शिल्प आणि वास्तू या तिन्हींचा खरा मेळ जिथं बसला, त्या जागेबद्दल थोडं सांगतो. दक्षिण फ्रान्समध्ये एक्स-आँ-प्रोव्हान्स शहराच्या उत्तरेला 'शातो ला कोस्त' नावाचा द्राक्षमळा आहे. पॅडी मॅकिलन या आयरिश उद्योजकानं तो घेतला आणि जगातल्या नामवंत शिल्पकारांना, वास्तुकारांना तिथं बोलावलं. बोलावण्याची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. आधी या, मळा पायी फिरा, तुमची जागा तुम्हीच निवडा आणि मग काय करायचं ते ठरवा. जपानच्या तादाओ आंदो यांनी काँक्रीट आणि काचेची बसकी इमारत बांधली आणि तिच्यापुढं उथळ पाणी खेळवलं. त्या पाण्यात लुईज बुर्जुआ यांचा भलाथोरला कोळी दबा धरून बसलाय. ज्याँ नुव्हेल यांचं वाइन तयार करण्याचं तळघर अर्ध्या पिंपासारखं, ॲल्युमिनियमचं, आणि बरंचसं जमिनीखाली. रेन्झो पियानो यांनी तर दालनच जमिनीत उतरवलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी वेली त्याच्या माथ्याच्या बरोबरीनं येतात. अँडी गोल्ड्सवर्दी यांनी ओकचे ओंडके एकमेकांत गुंफून जमिनीच्या पोटात खोली केली. आत जाताना वाकावं लागतं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत काहीच दिसत नाही, नुसता लाकडाचा वास येतो.

एवढी मोठी नावं असूनही वेलीची ओळ कुणी मोडलेली नाही. कलाकृती पाहायच्या तर बांधावरून, झाडीतून तास-दोन तास चालावं लागतं. शेत शेतच राहिलंय. औशाच्या नकाशात नेमकं हेच उलटं झालं होतं.

आता कुणी म्हणेल, फ्रान्सच्या श्रीमंत माणसाचं ठीक आहे, आपल्याला हे कसं जमणार? माझं म्हणणं असं की लातूर जिल्ह्याला हे जमवायला शिकवण्याची गरजच नाही. तो वर्षातून एकदा हे करतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आपल्या येळवसीला.

वेळा अमावास्येला लातूर शहर ओस पडतं. दुकानं बंद, कचेऱ्यांना स्थानिक सुट्टी, आणि सगळी माणसं ज्वारी-हरभऱ्याच्या रानात. शेतात कडब्याची कोप उभारतात. पेंढ्या एकमेकींना टेकवून, वरच्या टोकाला बांधून, पूर्वेला तोंड ठेवून. आत दोन माणसं वाकून बसतील एवढीच. तिला खिळा नाही, सिमेंट नाही, नकाशा नाही, तरी तिची घडण कशी नेमकी असते ते बघा. वाऱ्याच्या बाजूला पेंढ्या दाट, दुपारच्या उन्हाच्या बाजूला तोंड नाही. आत पाच दगड मांडतात, ते पांडव. शेतातलेच दगड, बांधावरून उचललेले, चुन्यानं पांढरे केलेले, वर काव आणि हळदी-कुंकू. कुठला दगड धर्मराज आणि कुठला भीम हे घरातली म्हातारी ठरवते, आणि तिची नजर शिल्पकाराची असते. कुठला दगड उभा राहील, कुठला बसेल, हे तिला हातात घेताक्षणी कळतं. पुढ्यात आंबिलाचं बिंदगं. ज्वारीचं पीठ आणि ताक रात्रभर मुरून किंचित आंबट झालेलं, वर जिऱ्याचा-लसणाचा वास. भज्जी, उंडे, खीर, धपाटे. ओळखीचा-अनोळखी कुणीही बांधावरून चालला असेल तर त्याला हाक मारून बसवतात. जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

शेतातली वास्तू, शेतातलं शिल्प, शेतातल्याच धान्याचं आंबवलेलं पेय आणि परक्याला केलेली हाक, यापेक्षा अधिक ला कोस्तमध्ये तरी काय आहे? तिथल्या वास्तू वर्षानुवर्षं टिकतात, आपली कोप दिवसापुरती असते, एवढाच फरक. त्या दिवसापुरत्या गोष्टीला टिकाऊ रूप देणं, हे काम औशाच्या त्या तरुणानं हाती घ्यावं अशी माझी इच्छा आहे.

टिकाऊ कामाचे नमुने बघायलाही लांब जायला नको. औसा तालुक्यातच खरोशाची लेणी आहेत, सहाव्या शतकाच्या सुमाराची, जांभ्याच्या टेकडीत खोदलेली. जांभा सच्छिद्र, भुसभुशीत. वेरूळसारखी रेखीव धार त्याच्यात निघत नाही. खोदणाऱ्यांनी ते ओळखलं आणि मूर्ती मोठ्या, ठसठशीत ठेवल्या. नरसिंहाचा, रावणाचा पट आज झिजलाय तरी त्यातला जोर कळतो. दगड काय देऊ शकतो तेवढंच त्याच्याकडं मागायचं, हा धडा तिथं शिकावा. नांदेड जिल्ह्यात देगलूरजवळ होट्टलला चालुक्यांच्या काळातली मंदिरं आहेत. सिद्धेश्वराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी बघायला संध्याकाळी जावं, तिरपं ऊन पडलं की दागिन्यांचा एकेक मणी सुटा दिसतो. आणि कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातल्या महाकाय क्षेत्रपालाचे अवशेष आहेत. नुसतं पाऊल पाहिलं तरी मूळ मूर्ती किती पुरुष उंच असेल याचा अंदाज करताना छाती दडपते. त्याच राष्ट्रकूटांनी कंधारला जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव बांधला. शेताची राखण करणारा देव, पाण्याचा साठा, किल्ला, देवळं, हे सगळं एकाच शिवारात एकमेकांच्या नजरेत होतं. आपल्या पूर्वजांनी शिल्प संग्रहालयात ठेवण्यासाठी घडवलं नव्हतं. पीक उभं आहे तिथंच ते उभं केलं.

मग आपण सिमेंटच्या कमानींकडं का वळलो? त्याचं एक कारण फार दुःखाचं आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय लातूरमध्ये दगडाबद्दल बोलूच नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपानं दगडी भिंती आणि मातीची माळवदं माणसांच्या अंगावर कोसळली. हजारो जीव गेले. त्यानंतर काळ्या दगडाची भिंत म्हटली की इथल्या माणसाच्या अंगावर काटा येतो, आणि तो यावा इतकं त्यानं सोसलंय. पण अभियंत्यांनी नंतर जे सांगितलं तेही घरोघर पोहोचायला हवं होतं. त्या भिंती चिखलात रचलेल्या होत्या. आतला आणि बाहेरचा थर वेगळा, त्यांना जोडणारा आरपार दगड नाही, आणि वर फूट-दोन फूट मातीचं ओझं. आरपार दगड घातले, जोत्याशी आणि छताखाली काँक्रीटचा पट्टा फिरवला, छत हलकं ठेवलं, तर दगडी बांधकाम भूकंपातही तग धरू शकतं. नवी वास्तू उभी करायची तर दगड असा सुरक्षित बांधून दाखवावा. लातूरच्या माणसाचा दगडावरचा विश्वास परत येणं ही माझ्या लेखी कुठल्याही पर्यटनापेक्षा मोठी गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं. त्या जिल्ह्यात पोहण्याचा तलाव आणि कारंजं दाखवून पाहुण्यांना बोलावणं मला पटत नाही. ठिबकवरच्या द्राक्षाला उसापेक्षा पुष्कळ कमी पाणी लागतं, हे तरी पाहुण्याला कळू दे. पाणी दाखवायचंच असेल तर शेततळ्याच्या भरावावरून पायवाट काढावी. विहिरीला पायऱ्या बांधाव्यात. मराठवाड्यातल्या बारवा काय आहेत, पाण्यापर्यंत उतरत जाणारी देखणी वास्तूच ना? चैत्रात पाणी तळाला गेलेलं दिसलं तरी ते लपवू नये.

आता वाइनचं. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाइन विक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, त्यावर केवढा गदारोळ झाला हे आठवत असेल. मराठवाड्यात दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं आपण सगळ्यांनी पाहिलीत, आणि बाटली आडवी करण्यासाठी मतदानाला उभ्या राहिलेल्या बायकांबद्दल मला आदर आहे. नांदेड तर गुरू गोविंदसिंगजींचं पावन स्थान. शिवाय २००८-०९ च्या मंदीत वाइनची मागणी घसरली, खरेदीदार अडचणीत आले आणि नाशिककडच्या शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षाच्या बागा उपटून टाकल्या, तेही विसरता येत नाही. म्हणून औशाच्या मित्राला मी सांगितलं, वाइनचा परवाना, यंत्रं, कर्ज यांच्यामागं आज लागू नकोस. थॉमसन आहे, सोनाका आहे. ताजा रस दे, सावलीत वाळवलेले बेदाणे दे, आणि आंबील दे. नांदेडकडच्या अर्धापूरच्या शेतकऱ्यानं हेच केळीच्या बागेत करावं. मेळ जमतो तो जमिनीशी, पेल्यात काय आहे ही त्यानंतरची गोष्ट.

हंगामही आपल्या बाजूनं आहे. ऑक्टोबरची छाटणी झाली की डिसेंबरात घड भरायला लागतात, त्याच सुमारास येळवस, तिच्यामागोमाग हुरडा, मग काढणी. थंडीचे तीन-चार महिने पाहुणे बोलवावेत आणि एप्रिलच्या खरड छाटणीला फाटक बंद करून बागेला विश्रांती द्यावी. २०२० मध्ये जाहीर झालेल्या राज्याच्या कृषी पर्यटन धोरणात अशा शेतकऱ्याला नोंदणी करता येते.

आणि शिल्पकार? छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयातून, मुंबईच्या जे.जे.मधून शिकून आलेली आपल्या भागातली मुलं आहेत. त्यातली कितीतरी गणेशोत्सवाच्या मूर्ती आणि फ्लेक्सच्या कामावर दिवस काढतात. घोड्यांच्या पुतळ्यांना आणि कारंज्याला नकाशात जेवढा खर्च धरलाय, तेवढ्यात एका मुलाची दोन महिन्यांची राहण्या-जेवणाची सोय, मजुरी आणि खाणीतून आणलेला दगड भागतो. होट्टल महोत्सव भरवणाऱ्या जिल्हा प्रशासनालाही हे करता येईल. गाण्याच्या कार्यक्रमांबरोबर दरवर्षी एका शिल्पकाराला गावात मुक्कामी ठेवावं. अट एकच, ती ला कोस्तची. विषय आपण सांगायचा नाही. त्याला आधी आठ दिवस शिवार फिरू द्यायचं, गड्यांबरोबर भाकरी खाऊ द्यायची, आणि दगड कुठं उभा करायचा ते त्याचं त्यानं ठरवायचं. येळवसीला तो येऊन उतरला तर पाच पांडव मांडणाऱ्या हातांची कला त्याला बघायला मिळेल, आणि महाशिवरात्रीच्या सुमारास, काढणीची गडबड सुरू असताना, त्याचं काम उभं राहिलेलं असेल.