शाळेच्या आड कोण येतंय?

"बायकांच्या हक्काच्या गोष्टी करता आणि शाळेलाच विरोध करता?" अड्याळ भागातल्या एका गावी बैठक संपल्यावर एका गृहस्थांनी मला विचारलं. प्रश्न टोचला. सावित्रीबाईंचं नाव घेऊन बोलायला उभ्या राहणाऱ्या आम्ही. आमच्या तोंडून शाळेला 'नाही' कसं निघावं?

झालं होतं असं. बाहेरच्या एका शिक्षणसंस्थेला इंग्रजी माध्यमाची शाळा काढायची होती आणि त्यासाठी गावाची झुडपी जमीन हवी होती. "पडीकच तर आहे," असं सगळीकडे बोललं जात होतं.

मैत्रिणींनो, पडीक कोणासाठी? पूर्व विदर्भात महसुलाच्या कागदांवर 'झुडपी जंगल' असा शेरा असलेली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. मालगुजारीच्या काळापासून गावाचा निस्तार अशा जमिनींवर चालत आला. १९५१ साली मालगुजारी गेली, निस्तार उरला. आणि निस्तार म्हणजे बहुतेक बायांचंच काम. सरपण, बकऱ्यांचा चारा, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपानं, पावसाळ्यात तरोट्याची भाजी आणि सात्या. यातलं काहीच सातबाऱ्यावर दिसत नाही. घरातलं बाईचं काम जसं हिशेबात येत नाही, तशीच ती ज्या जमिनीवर राबते ती जमीनही 'पडीक' ठरते.

पण बैठकीत बायांचं एकमत होतं असं मी सांगणार नाही. दोन मुलींची एक तरुण आई उठून म्हणाली, "ताई, आमच्या पोरींनी इंग्रजी शिकू नये का? जन्मभर मोळ्याच वाहाव्या का?" सभा गप्प झाली. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "शिकू दे ना वं बाई. पन फी कोन भरन? बकऱ्या इकूनच भरू ना? मंग त्या बकऱ्या का शाळेच्या वरांड्यात चारू?" बाया हसल्या. मला मात्र दोघींचंही पटलं, आणि म्हणूनच हे लिहिते आहे.

कायद्यानेही शाळेला नाही म्हटलेलं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने शाळा, दवाखाना, अंगणवाडी यांसाठी वनजमीन देण्याची सोय ठेवली आहे. पण अट अशी की शाळा सरकारी व्यवस्थापनाची हवी, जागा एक हेक्टरपेक्षा कमी हवी आणि ग्रामसभेची शिफारस हवी. पुढे २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जमिनी वनजमिनीच आहेत असा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी दिलेल्या जागा नियमित करण्याची वाट ठेवली, पण यापुढे बिगरसरकारी संस्थेला ही जमीन कोणत्याही कारणासाठी देऊ नये, असं बजावलं. म्हणजे प्रश्न शाळेचा नाहीच. सगळ्यांची जमीन फी भरू शकणाऱ्यांच्या शाळेसाठी द्यायची का, एवढाच प्रश्न आहे.

"गरिबांना २५ टक्के जागा मिळतील ना!" असंही कोणी सांगेल. ती तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे खरी. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला या जागांतून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला म्हणून वाचलं. आणि याच सरकारने २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते. गावातली शाळा हलली की आधी कोणाचं शिक्षण थांबतं, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. भाऊ सायकलवर जातो, बहीण घरी राहते.

म्हणून त्या तरुण आईला आमचं उत्तर 'जमीन वाचवा' एवढंच असून चालणार नाही. तिच्या मुलींसाठी जिल्हा परिषदेच्या शाळेत पुरेसे शिक्षक, नीट इंग्रजी आणि मुलींसाठी पाणी असलेलं शौचालय मागणं, हे त्याच लढ्याचं दुसरं पाऊल आहे. ते टाकलं नाही तर उद्या तीच आई संस्थेच्या बाजूने उभी राहील, आणि तिला दोष देता येणार नाही.

आणखी एक. निकालाने जमीन वाचली म्हणून निर्धास्त राहू नका. उरलेले छोटे तुकडे 'संरक्षित वन' जाहीर करायला न्यायालयाने सांगितलं आहे. त्या वेळी आपली वहिवाट कागदावर नसेल, तर संस्था बाहेर राहीलच, पण मोळीवाली बाईसुद्धा चोर ठरेल. निस्ताराचा हक्क वनहक्क कायद्याने मानलेला आहे, पण तो दावा करून मिळवावा लागतो. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. ती सह्यांपुरती होऊ देऊ नका. कोण कुठून सरपण आणते, कुठे बकऱ्या चारते, कोणत्या झाडाचा मोह वेचते, ते नावागावासह ठरावात लिहून घ्या. आणि त्याच ठरावात शाळेची मागणीही लिहा.

त्या गृहस्थांना मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नव्हते. आज देते. शाळेच्या आड आम्ही येत नाही, भाऊ. आमच्या मुलींना पुढे करून आमच्याच जमिनीकडे हात जातो, त्या हाताच्या आड येतो.