ब्लूग्रासच्या ‘निर्भेळ’पणाची बनवाबनवी

अमेरिकेतला लोकसंगीताचा किंवा ब्लूग्रासचा महोत्सव संपला की आवडत्या कलावंतांच्या याद्या निघू लागतात. बिल मनरो, फ्लॅट आणि स्क्रग्ज, डॉक वॉटसन ही नावे त्यांत असतात, आणि ती असावीतच. आक्षेप आहे तो त्यांमागच्या गृहीतकाला: हे म्हणे अ‍ॅपलाचियन डोंगरांतल्या गोऱ्या वस्त्यांनी शतकानुशतके जपलेले निर्भेळ संगीत.

‘शतकानुशतके’ हा शब्द पहिल्याच परीक्षेत नापास होतो. डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो छेडण्याची शैली घेऊन मनरोच्या वाद्यवृंदात आला, आणि ब्लूग्रासचा आजचा घाट त्यानंतर ठरला. ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमाने तो घरोघर नेला. अनेक दिवस चालणारा पहिला ब्लूग्रास महोत्सव तर थेट १९६५ चा.

आता ‘निर्भेळ’. बँजोचे मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे. गुलाम करून आणलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत भोपळ्यावर कातडे मढवून तो घडवला. पोरवयात मनरो केंटकीत ज्याच्या साथीने नाचाच्या कार्यक्रमांत वाजवी, तो आर्नल्ड शुल्ट्झ कृष्णवर्णीय होता. हे ऋण मनरोने स्वतः मान्य केले आहे. शुल्ट्झ १९३१ मध्ये वारला. त्याचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही.

अशी माणसे विस्मृतीत आपोआप गेली नाहीत. १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी एकाच मातीतल्या संगीताची दोन खाती पाडली: कृष्णवर्णीयांसाठी ‘रेस’, गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’. फिडल वाजवणारा कृष्णवर्णीय पहिल्या खात्यात सहसा शोभेना आणि दुसऱ्यात खपेना.

याहून उघड प्रकार व्हर्जिनियात घडला. १९३१ ते १९३९ या काळात तिथल्या व्हाइटटॉप पर्वतावर लोकसंगीत महोत्सव भरे. त्याचा एक सूत्रधार होता संगीतकार जॉन पॉवेल. हाच पॉवेल ‘अँग्लो-सॅक्सन क्लब्ज ऑफ अमेरिका’च्या संस्थापकांपैकी एक, आणि व्हर्जिनियाच्या १९२४ च्या वंशशुद्धी कायद्याचा खंदा पुरस्कर्ता. त्याच्या महोत्सवात कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. १९३३ मध्ये खुद्द एलिनॉर रूझवेल्ट तिथे जाऊन आल्या! ज्यांना मंचाची पायरीच चढू दिली नाही, त्यांची नावे रसिकांच्या ओठी यावीत कुठून? ‘ही तर श्रोत्यांची आवड’ हे समर्थन म्हणूनच लंगडे पडते. आवडीपूर्वी निवड झालेली होती.

२००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या बून येथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचे संमेलन भरले. त्यातून एकत्र आलेले तीन तरुण वादक, ऐंशी ओलांडलेल्या जो थॉम्पसन या फिडलवादकाच्या घरी शिकायला जाऊ लागले. ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा तोच संच; २०११ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळाले. महोत्सवांच्या याद्यांत आता त्यांचेही नाव दिसते, बहुधा ‘नवा प्रयोग’ या सदराखाली. थॉम्पसन मात्र ते वादन आपल्या वडिलांकडून शिकला होता.